‘छान आहे’ म्हणजे नेमके काय?

गेल्या काही महिन्यांतल्या पत्रांमध्ये एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा वाचायला मिळाली. संकेतस्थळ नव्याने तयार करायचे किंवा त्यात काही सुविधा वाढवायच्या म्हणून संबंधितांचे अभिप्राय मागवले, अभिप्राय भरपूर आले, आणि त्यांवरून पुढे काय करायचे हे मात्र काही केल्या उमगेना. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची व संस्थांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या संकेतस्थळाचे नवे डिझाइन मी चौदा जणांना ई-मेलने पाठवले आणि ‘कृपया आपला अभिप्राय कळवावा’ असे लिहिले. उत्तरे अशी आली : ‘छान आहे’, ‘अजून थोडे आधुनिक हवे’, ‘निळा रंग जरा गडद वाटतो’, ‘लोगो मोठा करा’, ‘एकूण ठीक’. ज्या शोध-सुविधेवर आणि अर्ज भरण्याच्या नव्या पद्धतीवर आम्ही तीन महिने घालवले, त्यांविषयी एकानेही एक ओळ लिहिली नाही. यात चूक कोणाची?

उत्तर : चूक प्रश्नाची आहे आणि प्रश्न आपला होता, हे स्पष्टपणे सांगितल्याचा राग मानू नये. ‘आपला अभिप्राय कळवावा’ या वाक्यावरून वाचणाऱ्याला कशाविषयी बोलायचे, किती खोलात जायचे आणि आपल्या बोलण्याचे पुढे काय होणार, यांपैकी कशाचाच अंदाज येत नाही. अशा वेळी माणूस जे सर्वांत आधी डोळ्यांत भरते आणि ज्यावर बोलायला कसलीही तयारी लागत नाही, त्यावर बोलतो. रंग आणि लोगो या दोन्ही अटी पूर्ण करतात. शोध-सुविधेविषयी काही म्हणायचे तर ती वापरून पाहावी लागते, आणि आपण पाठवले होते ते तिचे चित्र.

याच्या मुळाशी आणखी एक अडचण आहे. आपल्याला एखादी गोष्ट का आवडली याचे खरे कारण माणसाला सांगता येतेच असे नाही. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात याचा एक नमुनेदार प्रयोग आहे. एका टेबलावर नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि त्यांतला सर्वांत चांगला निवडायला लोकांना सांगितले. चारही जोड हुबेहूब सारखे होते, तरीही सर्वांत उजवीकडचा जोड इतरांपेक्षा कितीतरी अधिक वेळा निवडला गेला. निवडीचे कारण विचारल्यावर ‘तो उजवीकडे होता’ असे कोणीही म्हणाले नाही. संकेतस्थळाचे डिझाइन पाहून ‘आधुनिक वाटत नाही’ असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याला काहीतरी खटकलेले असते आणि जवळ असलेल्या शब्दांपैकी एक तो त्याला चिकटवतो, एवढेच.

म्हणून मत विचारण्याऐवजी घडलेली गोष्ट विचारावी. विमानदलातील कामाच्या अनुभवातून जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ साली एक पद्धत मांडली, तिचे सार असे की ‘चांगले काम म्हणजे काय’ असे न विचारता, ज्या विशिष्ट प्रसंगी काम साधले किंवा बिघडले तो प्रसंग तपशिलाने सांगायला लावायचे. ‘आमची शोध-सुविधा कशी आहे?’ या प्रश्नाला ‘बरी आहे’ हेच उत्तर मिळते. ‘शेवटच्या वेळी आमच्या संकेतस्थळावर आपण काय शोधत होता, कोणता शब्द टाइप केला, आणि ते सापडले नाही तेव्हा पुढे काय केले?’ या प्रश्नाला मात्र ‘नियमावली शोधत होतो, नियम असा शब्द टाकला, दोनशे निकाल आले, मग कंटाळून कार्यालयात फोन केला’ असे उत्तर येऊ शकते, आणि या एका वाक्यात डेव्हलपरला दोन दिवस पुरेल इतके काम असते.

आपला ई-मेल पुन्हा लिहायचा झाला तर मी तो काहीसा असा लिहीन : ‘सोबतच्या लिंकवर जाऊन आपल्या विभागाने गेल्या वर्षी काढलेले कोणतेही एक परिपत्रक शोधून पाहावे. ते सापडले का, किती वेळा प्रयत्न करावा लागला आणि कोणते शब्द टाइप केले, एवढेच लिहावे. रंग, अक्षरांचा आकार आणि चित्रे अद्याप ठरलेली नाहीत. त्यांविषयी पुढच्या टप्प्यात स्वतंत्रपणे विचारणार आहोत. आपले उत्तर या गुरुवारपर्यंत मिळाल्यास शोध-सुविधेत बदल करणे शक्य होईल.’ यातले रंगांविषयीचे वाक्य वाचायला किरकोळ वाटेल, परंतु अनुभवाने सांगतो की सर्वाधिक उपयोग त्याचाच होतो. ज्याला रंगाविषयी बोलायचे आहे त्याला आपली पाळी पुढे येणार आहे हे कळते आणि तो निश्चिंत होतो.

एक चूक मीही केलेली आहे. एका कामात अर्जाच्या पायऱ्या बरोबर आहेत की नाहीत हे तपासायचे होते, आणि मी उत्साहाने संपूर्ण रंगवलेले, छायाचित्रांसह सजवलेले आराखडे पुढे ठेवले. दीड तासाच्या बैठकीतला बहुतेक वेळ पहिल्या पानावरच्या छायाचित्रातली माणसे हसरी असावीत की गंभीर, यावर गेला. पुढच्या खेपेस तीच पाने मी कागदावर पेन्सिलीने, नुसत्या चौकटी काढून नेली. तेव्हा तीच मंडळी ‘हा रकाना आधी का विचारला आहे?’ असे विचारू लागली. दाखवलेली वस्तू जितकी पूर्ण दिसते तितका पाहणारा तिच्या मूळ रचनेला हात लावायला कचरतो. रचनेविषयी ऐकायचे असेल तेव्हा मुद्दाम कच्चे दाखवावे.

आता आपल्या हाती जे पाच अभिप्राय आहेत तेही टाकून देऊ नयेत. ‘अजून आधुनिक हवे’ असे लिहिणाऱ्याला फोन करून ‘कोणते पान पाहत असताना असे वाटले, आणि तिथे आपण काय करायला गेला होता?’ एवढेच विचारावे. बऱ्याचदा आधुनिकतेच्या तक्रारीखाली ‘पान मोबाइलवर नीट दिसले नाही’ असे अगदी साधे कारण निघते.

प्रश्न : अभिप्राय नेमका कोणाकडून घ्यायचा? आमची यादी संचालकांपासून सुरू झाली आणि आता तीत सर्व विभागप्रमुख, त्यांचे साहाय्यक, दोन सल्लागार आणि संचालकांचे एक स्नेही आहेत. यादी वाढते आहे, पण संकेतस्थळ रोज वापरणारा माणूस तीत नाही असे मला वाटते.

उत्तर : आपल्याला वाटते ते खरे आहे. आधी शब्दाविषयी थोडेसे. इंग्रजीतल्या ‘स्टेकहोल्डर’साठी मराठीत सर्रास ‘भागधारक’ लिहिले जाते. पण भागधारक म्हणजे कंपनीचे शेअर बाळगणारा. व्यवस्थापनशास्त्रात ही संकल्पना १९८४ साली आर. एडवर्ड फ्रीमन यांनी विस्ताराने मांडली तेव्हा त्यांना नेमका हाच फरक दाखवायचा होता : ज्यांच्यावर संस्थेच्या निर्णयांचा परिणाम होतो आणि ज्यांचा संस्थेवर परिणाम होतो असे सगळेच, मग त्यांच्याकडे एकही शेअर नसो. म्हणून मी ‘हितसंबंधी’ हा शब्द वापरतो. शब्द बदलल्याने यादीही बदलते, असा माझा अनुभव आहे. भागधारक म्हटले की नजर वर जाते. हितसंबंधी म्हटले की ती आजूबाजूलाही फिरते.

यादी तपासण्याची एक जुनी रीत म्हणजे प्रत्येकाचा अधिकार किती आणि या कामाशी त्याचा संबंध किती, अशा दोन रेघांवर नावे मांडून पाहणे. या मांडणीत आपल्या यादीतली बहुतेक नावे अधिकाराच्या बाजूला दाटीवाटीने बसतील आणि संबंधाची बाजू रिकामी दिसेल. तिथे ज्यांना बसवायचे त्यांतली काही माणसे नेहमी विसरली जातात. हेल्पलाइनवर बसणारी व्यक्ती त्यांत पहिली, कारण संकेतस्थळ कुठे अडते हे तिला दिवसभर ऐकावे लागते आणि तिच्या वहीत कदाचित तुमच्या सर्वेक्षणाचे निम्मे उत्तर आधीच लिहिलेले असते. संकेतस्थळावर मजकूर चढवणारी व्यक्ती दुसरी. तिला न विचारता ठरवलेली सुविधा उद्घाटनाच्या दिवशी सुंदर दिसते आणि तीन महिन्यांनी ओस पडते. पडदावाचक सॉफ्टवेअरवर पान ऐकणारे, किंवा माउस न वापरता केवळ कीबोर्डवर काम करणारे वापरकर्ते यादीत असणे हा उपकार नव्हे, ते यादीचे मूळ सदस्य आहेत. आणि जे प्रयत्न करून सोडून गेले, ज्यांचा अर्ज अर्धवट राहिला, त्यांच्यापैकी दोघे-तिघे शोधता आले तर ते दहा समाधानी लोकांच्या बरोबरीचे.

यादीत नाव असणे आणि निर्णयाचा अधिकार असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे पहिल्याच पत्रात लिहून टाकावे. प्रत्येक नावापुढे ‘निर्णय यांचा’, ‘यांना विचारायचे’ किंवा ‘यांना कळवायचे’ यांपैकी एकच नोंद असावी, आणि एका सुविधेसाठी ‘निर्णय यांचा’ ही नोंद एकाच नावापुढे. संचालकांच्या स्नेह्यांना तिसऱ्या वर्गात ठेवण्याने कोणाचा अपमान होत नाही.

प्रश्न : पाच वापरकर्त्यांना विचारले तरी पुरते असे ऐकले. हे खरे आहे का? आमच्या समितीला पाच हा आकडा हास्यास्पद वाटतो.

उत्तर : कशासाठी विचारता यावर ते अवलंबून आहे. जेकब नीलसन आणि टॉमस लँडाउअर यांनी १९९३ साली काही उपयोगिता-चाचण्यांच्या आधारे असा हिशेब मांडला की एक वापरकर्ता सरासरीने एकूण अडचणींपैकी ३१ टक्के अडचणी उघड करतो. दुसऱ्याला त्यांतल्याच काही पुन्हा भेटतात, काही नव्या. असे करत पाचव्यापर्यंत सुमारे ८५ टक्के अडचणी दिसलेल्या असतात, आणि त्यापुढे प्रत्येक नवा माणूस बहुतांशी ऐकलेलेच सांगतो.

पण हा आकडा, एकाच प्रकारच्या माणसांनी, समोर बसून, ठरावीक कामे करून दाखवली तर अडचणी किती सापडतील, याचा आहे. ३१ टक्के ही सरासरी असल्यामुळे गुंतागुंतीच्या संकेतस्थळावर ती खाली येऊ शकते. किती लोकांना सुविधा आवडेल, दोन सुविधांपैकी कोणती आधी करावी, या प्रश्नांची उत्तरे पाच जणांवरून काढता येत नाहीत. तुमच्याकडे विद्यार्थी आणि शिक्षक असे दोन वेगळे गट असतील तर प्रत्येक गटातून पाच-पाच हवेत. समितीला हे पटवायचे असेल तर वाद घालण्यापेक्षा समितीच्या दोन सदस्यांना एका चाचणीला मागे शांतपणे बसवावे. माणूस बटण शोधत असताना ‘ते बघा, उजवीकडे’ असे सांगण्याची ऊर्मी त्यांना आवरावी लागते, आणि ती आवरताना त्यांना बरेच काही कळते.

प्रश्न : आमच्या बैठकीत सर्वांत ज्येष्ठ अधिकारी प्रथम बोलतात. त्यांना मुखपृष्ठावर बातम्यांची सरकती पट्टी हवी आहे. त्यांनी तसे म्हटल्यावर सर्वांनी होकार दिला. बैठक संपल्यावर तिघांनी मला बाजूला घेऊन ‘ती पट्टी कोणी वाचत नाही’ असे सांगितले. आता मी कोणते मत नोंदवू?

उत्तर : बैठकीबाहेरचे नोंदवावे, आणि पुढच्या वेळी बैठकीची रीत बदलावी. सॉलोमन अॅश यांनी १९५०च्या दशकात केलेले प्रयोग या संदर्भात वाचण्यासारखे आहेत. एका रेषेएवढ्या लांबीची दुसरी रेषा तीनांमधून ओळखायची, इतके सोपे काम होते. एकट्याने केले तर चूक जवळपास होतच नव्हती. परंतु आधी बोलणाऱ्या साऱ्यांनी ठरवून चुकीचे उत्तर दिले की खऱ्या सहभागी व्यक्तीची सुमारे एक तृतीयांश उत्तरे त्यांच्यामागे जात. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत त्या याच प्रयोगाच्या दोन पोटआवृत्त्या : गटात एक जरी माणूस बरोबर उत्तर देणारा भेटला, किंवा उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी लिहून द्यायचे असले, तर ही मागे जाण्याची प्रवृत्ती बरीच ओसरत असे. आणि तिथे तर प्रश्न नुसता रेषांचा होता, बढतीचा नव्हता.

यावरून करायचे काय ते उघड आहे. बैठकीआधी प्रत्येकाकडून तीन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. बैठकीत ती नावांशिवाय पडद्यावर दाखवावीत, आणि मग बोलायला सुरुवात करावी. तीही सर्वांत कनिष्ठ व्यक्तीपासून. ज्येष्ठ अधिकाऱ्यांना आदल्या दिवशी भेटून ‘आपण शेवटी बोललात तर बाकीच्यांकडून अधिक ऐकायला मिळेल’ असे सांगितले, तर बहुतेक जण आनंदाने मान्य करतात, कारण हे सांगण्यात त्यांच्या शब्दाला वजन आहे याची कबुलीच असते. माणसे निरनिराळ्या गावी असतील तर डेल्फी पद्धत उपयोगी पडते. रँड या संशोधन संस्थेत १९५०च्या दशकात विकसित झालेल्या या पद्धतीत तज्ज्ञ एकमेकांना न भेटता लेखी उत्तरे देतात, त्यांचा निनावी सारांश सर्वांना परत पाठवला जातो, आणि तो वाचून प्रत्येकाला आपले उत्तर बदलण्याची किंवा त्याचे समर्थन करण्याची संधी मिळते. दोन फेऱ्या पुरतात. तिसऱ्या फेरीपर्यंत लोक दमतात.

सरकत्या पट्टीपुरते विचाराल तर मतांची गरजच नाही. तिच्यावर महिन्याभरात किती जणांनी क्लिक केले हे संकेतस्थळाच्या नोंदींमध्ये सापडेल. तो आकडा बैठकीत टीकाटिप्पणी न करता मांडावा.

प्रश्न : बावीस सुविधांची यादी करून ‘प्रत्येक सुविधा किती महत्त्वाची आहे ते १ ते ५ मध्ये सांगा’ असे सर्वेक्षण केले. जवळजवळ सर्वांना ४ किंवा ५ गुण मिळाले. आता प्राधान्य कसे ठरवू?

उत्तर : या सर्वेक्षणातून ते ठरणार नाही. अशा श्रेणी-मापनाची पद्धत रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली ती लोकांच्या वृत्तींचे मोजमाप करण्यासाठी. तुमच्या सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्याला पाच गुण देण्याची काहीच किंमत मोजावी लागत नव्हती. फुकट मिळते तेव्हा कोण कशाला नको म्हणेल?

म्हणून देणाऱ्याच्या हातात मर्यादित काहीतरी द्यावे. सर्वांत सोपी रीत म्हणजे प्रत्येकाला १०० गुण देऊन ते बावीस सुविधांमध्ये वाटायला सांगणे. एकीला अधिक द्यायचे तर दुसरीचे काढावे लागतात, आणि तो क्षण आल्यावरच माणूस खरा विचार करू लागतो. बावीस ही संख्या यासाठीही मोठी आहे. आधी प्रत्येकाला त्यांतल्या सात निवडायला सांगून मग गुण वाटायला सांगावेत. प्रत्येक सुविधेपुढे तिला लागणारा अंदाजे वेळ, दोन दिवस की दोन महिने, एवढे लिहिले तर वाटणी आणखी शहाणपणाची होते.

दुसरी रीत थोडी मेहनतीची, पण मला अधिक आवडणारी. नोरिआकी कानो या जपानी अभ्यासकाने १९८४ साली सहकाऱ्यांसह मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक सुविधेविषयी दोन प्रश्न विचारतात : ही सुविधा असली तर आपल्याला कसे वाटेल, आणि नसली तर कसे वाटेल? दोन्हींसाठी तीच पाच उत्तरे असतात : आवडेल, असायलाच हवे, फरक पडत नाही, चालवून घेईन, आवडणार नाही. गंमत या जोडीत आहे. अर्ज अर्धवट भरून जतन करण्याची सोय घ्या. ती असण्यावर ‘असायलाच हवे’ आणि नसण्यावर ‘आवडणार नाही’ असे उत्तर आले, तर ती सुविधा मूलभूत आहे. ती दिल्याबद्दल कोणी पाठ थोपटणार नाही, पण नसल्यास लोक चिडतील. असण्यावर ‘आवडेल’ आणि नसण्यावर ‘फरक पडत नाही’ असे उत्तर येणारी सुविधा सुखद धक्का देणारी असते. ती नंतर केली तरी चालते. दोन्हींकडे ‘फरक पडत नाही’ आले तर त्या सुविधेवर एक तासही घालवू नये. काही वेळा असण्यावरच ‘आवडणार नाही’ असे उत्तर येते, उदाहरणार्थ पान उघडताच आपोआप सुरू होणारी चॅटची खिडकी. असे काही बांधण्याआधीच कळले तर बरे. आणि जो दोन्ही बाजूंना ‘आवडेल’ असे उत्तर देतो त्याने प्रश्न नीट वाचलेला नसतो, किंवा आपण तो नीट लिहिलेला नसतो.

या पद्धतीत १ ते ५ च्या सर्वेक्षणात न दिसणारा फरक दिसतो. मूलभूत आणि सुखद, दोन्ही प्रकारच्या सुविधांना तिथे ५ गुण मिळाले असते. मात्र प्रश्नांत तांत्रिक नावे नकोत. ‘सिंगल साइन-ऑन असले तर कसे वाटेल?’ असे विचारू नये. ‘एकदाच पासवर्ड टाकून तिन्ही विभागांची पाने उघडता आली तर कसे वाटेल?’ असे विचारावे. एका प्रश्नात एकच गोष्ट असावी. ‘शोध-सुविधा जलद आणि अचूक आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले तर ती मंद आहे की चुकीची, हे कळत नाही.

‘अत्यावश्यक, हवे, असल्यास बरे, या खेपेस नको’ असे चार कप्पे करण्याची एक लोकप्रिय पद्धतही आहे. ती वापरायची असेल तर शेवटचा कप्पा आधी भरायला लावावा. पहिल्यापासून सुरुवात केली की सगळे पहिल्यातच जाऊन बसते.

प्रश्न : मजकुरासाठी फिकट राखाडी अक्षरे ठेवावीत असे समितीने बहुमताने ठरवले आहे. मला ती वाचताना त्रास होतो. पुन्हा मतदान घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये, पहिलेही घ्यायला नको होते. जे मोजता येते त्यावर अभिप्राय मागू नये. संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, ज्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, त्यांनुसार एए या मधल्या पातळीसाठी साध्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी विरोधभेद, म्हणजे दोघांच्या उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ असावा लागतो. तो मोजणारी साधने फुकट मिळतात. निकषात बसणाऱ्या तीन राखाडी छटा काढून समितीपुढे ठेवाव्यात आणि त्यांतली आवडेल ती निवडायला सांगावे.

प्रश्न : विक्री विभागाला नोंदणी-अर्जात फोन क्रमांक सक्तीचा हवा आहे. ग्राहक-सेवा विभाग म्हणतो की त्या रकान्यापाशीच लोक अर्ज सोडून जातात. दोघांचेही अभिप्राय अगदी स्पष्ट आहेत, आणि नेमके विरुद्ध. मग स्पष्ट अभिप्रायाचा उपयोग काय झाला?

उत्तर : उपयोग हा झाला की भांडण कशावर आहे हे कळले. मात्र दोन्ही अभिप्राय उपायाच्या भाषेत आले आहेत. गरजेच्या भाषेत अद्याप नाहीत. विक्री विभागाला विचारावे की फोन क्रमांक हाती आल्यावर पहिल्या दोन दिवसांत त्याचे काय होते. समजा, उत्तर असे आले की ई-मेल पत्ते बरेचदा चुकीचे असतात म्हणून संपर्काचा दुसरा मार्ग हवा. मग खरी गरज पोहोचणाऱ्या ई-मेल पत्त्याची आहे, आणि ती पत्त्याची तिथल्या तिथे पडताळणी करूनही भागते. टोयोटाच्या कारखान्यांत तैइची ओनो यांनी रुजवलेली, एकाच गोष्टीविषयी पाच वेळा ‘का’ विचारण्याची सवय इथे कामी येते. फक्त तोंडावर पाच वेळा ‘का’ विचारले तर समोरच्याला उलटतपासणी वाटते, म्हणून ‘त्यानंतर काय होते?’, ‘ते नसेल तर काय अडते?’ असे शब्द फिरवून विचारावे.

ग्राहक-सेवेच्या दाव्याचीही तशीच तपासणी व्हावी. लोक त्या रकान्यापाशीच सोडून जातात हे फोनवरच्या चार तक्रारींवरून म्हटले आहे की अर्जाच्या नोंदींवरून? शक्य असेल तर काही दिवस निम्म्या लोकांना सक्तीचा आणि निम्म्यांना ऐच्छिक रकाना दाखवून पूर्ण झालेले अर्ज मोजावेत. तरीही वाद उरला तर तो ‘निर्णय यांचा’ असे ज्यांच्या नावापुढे लिहिले आहे त्यांच्याकडे, दोन्ही बाजूंच्या एकेका परिच्छेदासह, न्यावा. दोघांचे मन राखण्यासाठी ‘सक्तीचा, पण वगळता येण्याजोगा’ असा रकाना बनवलेला मी पाहिला आहे. तो कोणालाच समजत नव्हता.

प्रश्न : अभिप्रायासाठी किती दिवस द्यावेत? आणि उत्तर आले नाही तर संमती समजावी का?

उत्तर : तीन ते पाच कामाचे दिवस. दोन आठवडे दिले तरी लोक शेवटच्या दिवशीच पाहतात. मौन म्हणजे संमती असे समजायचे असेल तर ते पत्रात आधीच, तारखेसह, लिहिलेले हवे. आणि ज्यांच्या नावापुढे ‘निर्णय यांचा’ आहे त्यांच्या बाबतीत ते कधीच लागू करू नये. त्यांना फोन करावा.

प्रश्न : आम्ही मागवलेल्या ४० सूचनांपैकी ९ स्वीकारल्या. ज्यांच्या सूचना स्वीकारल्या नाहीत त्यांपैकी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ‘यापुढे मला विचारू नका’ असे सांगितले. सूचना नाकारणे चुकीचे होते का?

उत्तर : नाकारणे चुकीचे नव्हते, ते त्यांना नव्या संकेतस्थळावरून कळले असेल तर ते चुकीचे होते. आपल्या सूचनेचे काय झाले हे माणसाला प्रत्यक्ष पान पाहून शोधून काढावे लागले, तर ती वाचलीच गेली नाही असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे.

यासाठी एक साधा तक्ता ठेवावा. त्यात सूचना देणाऱ्याच्याच शब्दांत सूचना, ती कोणत्या सुविधेविषयी आहे, तिच्यामागची आपल्याला समजलेली गरज, निर्णय, निर्णयाचे एका वाक्यातले कारण आणि तारीख, एवढे रकाने पुरतात. ‘समजलेली गरज’ हा रकाना भरल्यावर तो सूचना देणाऱ्याला दाखवून ‘मला हे बरोबर समजले का?’ असे विचारावे. अर्ध्या गैरसमजांचा उलगडा तिथेच होतो, आणि कधी कधी माणूस स्वतःच ‘मग वेगळ्या सुविधेची गरज नाही, त्या पानावर लिंक दिली तरी भागेल’ असे म्हणतो. कारण लिहिताना ‘तांत्रिक अडचणींमुळे’ असे मोघम शब्द वापरू नयेत. ‘याला सुमारे सहा आठवडे लागतील आणि त्यासाठी अर्जाचे काम थांबवावे लागेल’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला ते पटते, निदान त्यावर मुद्देसूद वाद तरी घालता येतो.

आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे मात्र तक्ता पाठवू नये. त्यांच्या सूचना छापून घेऊन स्वतः जावे आणि एकेकीचे काय झाले व का, हे समोर बसून सांगावे. त्या बोलण्यात नऊमधल्या एखाद्या स्वीकारलेल्या सूचनेचे मूळ त्यांच्याच एखाद्या वाक्यात सापडले, तर त्या ओळीपुढे त्यांचे नाव तिथल्या तिथे लिहून घ्यावे. ३१ नाकारलेल्यांपैकी ज्या केवळ वेळेअभावी मागे पडल्या असतील त्यांच्यापुढे पुन्हा विचार करण्याची तारीख घालावी, आणि ती तारीख आल्यावर पहिला फोन त्यांना करावा.